वरीलप्रमाणे

साखर कारखान्याची मोळी पडायला, म्हणजे गाळप सुरू व्हायला, नऊ दिवस राहिले होते आणि तोडणी प्रोग्राम निघत नव्हता.

तोडणी प्रोग्राम म्हणजे कुणाचा ऊस कधी तुटणार त्याची यादी. लागणीची तारीख, उसाची जात, नवी लागण की तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा, हे सगळं बघून लावलेली. माझ्या धंद्यातही 'प्रोग्राम' हाच शब्द, त्यामुळे पहिल्या वर्षी शेती विभागाशी फोनवर बोलताना घोळ व्हायचा. "मॅडम, प्रोग्राम कधी देताय?" असं विचारलं की मला वाटायचं सॉफ्टवेअर मागतायत, त्यांना यादी हवी असायची. आता अकरा वर्षं झाली. कारखान्याचं नाव घेत नाही. पश्चिम महाराष्ट्रातला आहे, वीस-बावीस हजार ऊस नोंदी आहेत आणि मी पुण्यात बसून त्यांचा डेटाबेस सांभाळते, एवढं पुरे.

त्या सकाळी स्क्रीनवर जे आलं त्याचा मराठीत अर्थ असा: एनव्हारकार प्रकारचं मूल्य '२१२/१अ' हे इंटमध्ये बदलता आलं नाही. चूक क्रमांक २४५. (या लेखात सगळे आकडे मी मराठीत लिहितेय. यंत्रात ते इंग्रजीच होते. जिथे ते खरोखर मराठी होते आणि त्यामुळेच माती झाली, तिथे वेगळं सांगेन.)

एनव्हारकार म्हणजे मजकूर, कुठल्याही लिपीतला. इंट म्हणजे पूर्णांक. यंत्राचं म्हणणं एवढंच होतं की बाई, या मजकुराचा आकडा करायला सांगताय, पण यात एक तिरकी रेघ आहे आणि शेवटी अ आहे, त्याचं मी काय करू?

"काल तर चालत होतं की हो," शेती विभागातले क्लार्क म्हणाले.

"काही बदललंत का?"

"छे छे. हातसुद्धा लावला नाही."

हे मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर विश्वास ठेवायची सवयच गेलीय. पण त्या दिवशी ते खरं बोलत होते.

क्वेरी साधी होती: अमुक गाव आणि गट नंबर २१२, अशा नोंदी दे. कॉलम मजकुराचा, पण क्वेरीत २१२ अवतरणचिन्हांशिवाय, म्हणजे आकडा. मजकूर आणि आकडा समोरासमोर आले की दोघांपैकी एकाला रूप बदलावं लागतं. आमचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरवर चालतो आणि तिथे याचा मानपान ठरलेला आहे. आकडा मानाचा, मजकूर त्याच्या खालचा. त्यामुळे २१२चा मजकूर होत नाही. कॉलममधल्या एकेका मजकुराचा आकडा करून तो २१२शी ताडला जातो. व्याही एकटेच आले आणि त्यांच्यासाठी अख्खी पंगत पाटावरून उठवली, असा प्रकार. त्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठी केलेली सूची, असला तर तोही वाया.

मग इतकी वर्षं चाललं कसं? त्यात माझीच हुशारी होती. ज्या गावांत गटांचे हिस्से पडलेले नाहीत, तिथे गट नंबर आकडा म्हणून ताडायचा आणि जिथे पडलेत तिथे मजकूर म्हणून, अशा दोन वाटा मी कधीकाळी करून ठेवल्या होत्या. पहिल्या वाटेवर आधी गाव गाळलं जायचं. त्या गावात निव्वळ आकडेच असल्यामुळे पुढे काही अडत नसे. पण आधी गाव आणि मग गट हा क्रम माझ्या डोक्यात होता, क्वेरीत नव्हता. एसक्यूएलमध्ये आपण काय हवं ते सांगतो. कसं आणायचं ते यंत्र ठरवतं; टेबलात किती ओळी, कुठल्या गावाच्या किती, याचे त्याच्याकडे अंदाज असतात त्यावरून. रविवारी रात्री ते अंदाज आपोआप ताजे झाले. सोमवारी यंत्राला वाटलं, आधी गट नंबर बघितलेला स्वस्त पडेल. तो बघायला गेलं तर भलत्याच गावातला २१२/१अ आडवा आला. आम्हाला हव्या असलेल्या गावाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

हाताखालच्या मुलांना हे पटता पटत नाही. आतल्या क्वेरीत गाव गाळून घेऊ आणि बाहेरच्या क्वेरीत गट बघू, म्हणतात. मीही एकेकाळी हेच करायचे. पण यंत्र आतलं-बाहेरचं एकत्र मळतं आणि त्याला हवी तशी पोळी लाटतं. कंस घातला म्हणून क्रम मिळत नाही. आकडा करायचाच असेल तर केस लावून अट बांधावी, नाहीतर ट्राय-कास्ट वापरावं. ते २०१२च्या आवृत्तीपासून आहे. जमलं तर आकडा देतं, नाही जमलं तर बोंब न मारता नल, म्हणजे 'माहिती नाही', देतं. इथे तेवढीही गरज नव्हती. २१२च्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिली की मजकुराशी मजकूर. दीड मिनिटाचं काम.

दीड मिनिटानं एरर गेला. मग खात्री करायला २१२/१अ शोधला, तर एकही ओळ आली नाही.

एरर येण्यापेक्षा हे वाईट. एरर आला की निदान माणूस खुर्चीत सरळ बसतो. रिकामा निकाल आला की आपण 'अच्छा, नसेल' म्हणून पुढे जातो. मी पुढे गेले नाही याचं कारण ती ओळ दहा मिनिटांपूर्वी एररमध्येच डोळ्यांनी पाहिली होती. झालं असं होतं की अवतरणचिन्हाच्या आधी लावायचा 'एन' राहिला होता. तो नसला की एसक्यूएल सर्व्हर त्या मजकुराला जुन्या, मोजक्या अक्षरांच्या तक्त्यातून घालवतो. आमच्या सर्व्हरच्या तक्त्यात देवनागरी नाही, म्हणून 'अ'चं प्रश्नचिन्ह होतं. मी '२१२/१?' मागत होते आणि यंत्र इमानदारीत सांगत होतं की असा गट नाही. मराठी नावांच्या डेटाबेसवर ज्यानं काम केलंय त्यानं कधी ना कधी आडनावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग बघितलेली असते. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, कारण ती एकदा साठवली गेली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत.

हाच घोळ दुसऱ्या डेटाबेसात वेगळा दिसला असता. मायएसक्यूएल हा गोड बोलणारा पाहुणा. आकड्याशी तुलना करताना तो '२१२/१अ'मधले सुरुवातीचे आकडे घेतो, उरलेलं सोडून देतो आणि म्हणतो, हो, हा २१२च. एरर नाही, थांबणं नाही. थोरल्याचा, धाकट्याचा आणि चुलत्याचा ऊस एकाच यादीत. पोस्टग्रेस अगदी उलट. मजकुराचा कॉलम आणि पूर्णांक यांच्यामध्ये बरोबरीचं चिन्हच मी ओळखत नाही, असं सांगून क्वेरी सुरू होण्याआधीच परत पाठवतो. २००८ सालच्या ८.३ या आवृत्तीत त्यांनी हे कडक केलं तेव्हा पुष्कळांचे चालते प्रोग्राम बंद पडले आणि लोकांनी बोटं मोडली. मीही मोडली होती. आता मला त्या लोकांचं कौतुक वाटतं. ओरॅकल १७२२ क्रमांकाची 'अवैध आकडा' ही चूक देतो, आणि मी त्यावर काम करत होते तेव्हा तरी कुठली ओळ, कुठलं मूल्य, काही सांगायचा नाही. घरात कुणीतरी रुसलंय एवढंच कळायचं. कोण आणि कशावरून, ते तुम्ही शोधा.

अशा लेखात एरियान ५ रॉकेट आणायची रीत आहे: ४ जून १९९६, चौसष्ट बिटांचा अपूर्णांक सोळा बिटांच्या पूर्णांकात कोंबला आणि उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत सगळं संपलं. आणलं. आता उसाकडे.

गट नंबर मार्गी लागला तसा त्याच्या मागे उभा असलेला दुसरा एरर पुढे आला. हा क्षेत्राचा. चूक क्रमांक ८११४: एनव्हारकारचं न्यूमेरिक (म्हणजे दशांशाचा आकडा) करताना चूक. बस. २४५ निदान मूल्य तरी दाखवते, ही तेवढंही सांगत नाही. क्षेत्राच्या कॉलममध्ये मजकूर कशाला, असं कुणी विचारेल. गट कार्यालयांमधून रजिस्टरं येतात, ती डेटा एंट्रीवाली मुलं एक्सेलमध्ये उतरवतात, ते एक्सेल आधी मजकुराच्याच टेबलात पडतं आणि मग आकडे होऊन पुढे जातं. धान्य आधी पोत्यातून खळ्यावर ओतायचं आणि मग निवडायचं, तसं. निवडण्याच्या पायरीवर खडा लागला होता.

खडा शोधायला मी ट्राय-कास्टच वापरते. क्षेत्र भरलेलं आहे पण त्याचा आकडा करायला गेलं की नल येतो, अशा ओळी मागायच्या. आल्या एक्केचाळीस. छापून घेतल्या, चहा घेतला आणि एकेक वाचत गेले.

'१.२०.५०'. हा सातबारा बघितलेल्या माणसाला लगेच कळतो: एक हेक्टर, वीस आर, पन्नास चौरस मीटर. दोन टिंबांचा आकडा आमचा डेटाबेस घेणार नाही. पण शंभर चौरस मीटरचा एक आर आणि शंभर आरांचा एक हेक्टर असल्यामुळे दुसरं टिंब पुसलं की तो आपसूक १.२०५० हेक्टर होतो. अट एकच, प्रत्येक घरात दोन अंक हवेत.

'०.४०'. यात काय चूक आहे? डोळ्यांना तर काहीच दिसेना. लांबी विचारली तर पाच. मोजून चार अक्षरं दिसतायत. शेवटच्या अक्षराचा क्रमांक विचारला, १६० आला. साधी मोकळी जागा बत्तीस क्रमांकाची असते. ही १६० वाली न तुटणारी जागा, एखाद्या वेबपानावरून नक्कल करताना चिकटून येणारी. कडेच्या मोकळ्या जागा काढणारं ट्रिम तिला हात लावत नाही. या अदृश्य गोचिडीनं माझ्या आयुष्यातले एकूण किती तास खाल्ले असतील, त्याचा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही.

'१.२०'. हे ते मराठी आकडे. खरोखर मराठी. एका गट कार्यालयातल्या मुलानं कीबोर्ड मराठीवरच ठेवून भरलेले. इंग्रजी शून्य अठ्ठेचाळीसाव्या घरात राहतं, आपलं शून्य २४०६व्या. वाचणाऱ्याला दोन्ही सारखी, यंत्राच्या लेखी एक आकडा आणि एक चित्र. गंमत म्हणजे आमच्या भरणा स्क्रीननं त्याला अडवलं नव्हतं. ती डॉटनेटमधली, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम लिहायच्या साधनांतली. तिथे एखाद्या अक्षराबद्दल 'हा अंक आहे का?' असं विचारलं तर मराठी सातालाही हो म्हणतात, कारण युनिकोडमध्ये तो अंकच आहे. पण 'मग याची संख्या करून दे' म्हटलं की तेच डॉटनेट नाही म्हणतं. पायथॉन या दुसऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेला मराठीत बारा लिहून द्या, मुकाट बारा करून देतो. कोण बरोबर यावर मी वाद घालत नाही. मला फक्त दारावरचा आणि आतला, दोघांनी एकच उत्तर द्यावं असं वाटतं.

मग '४० गुं.'. मग एका ओळीत नुसतंच टिंब. हे टिंब मागे मीच आत सोडलं असणार, कारण जुन्या तपासणीत मी इझ-न्यूमेरिक वापरलं होतं. ते टिंबालाही आकडा म्हणतं आणि डॉलरच्या चिन्हालाही. मग '१॥'. हा बघून मी थांबले. एकावर दोन उभे दंड, म्हणजे दीड. एक दंड पाव, दोन अर्धा. माझ्या आजोबांच्या वहीत असे दंड असायचे. कुणीतरी २०१९मध्ये ऊस नोंदवताना दीड एकर असं लिहिलं होतं, आणि एंट्री करणाऱ्या मुलानं निष्ठेनं श्लोकाच्या शेवटी येतो तो दंड शोधून टाकला होता.

आणि चार ओळींत 'वरीलप्रमाणे'.

एरर देणाऱ्या ओळींची मला खरं तर फारशी काळजी नव्हती. त्या हात वर करून उभ्या होत्या. मी तारखांकडे वळले, कारण तारखांच्या कॉलमनं एकही एरर दिला नव्हता आणि वीस हजार माणसांनी भरलेल्या तारखा इतक्या गुणी असतील हे मला पटेना. लागणीच्या तारखेनं यादी लावली. सगळ्यात वर, तोडणीला पहिला हक्क असलेला ऊस, लागण १ जानेवारी १९००. असे सतरा शेतकरी. सव्वाशे वर्षांचा ऊस. रिकाम्या मजकुराची तारीख कर म्हटलं की एसक्यूएल सर्व्हर हीच तारीख देतो, आणि रिकाम्या मजकुराचा पूर्णांक कर म्हटलं की शून्य. माहिती नाही, असं न म्हणता तो काहीतरी उत्तर देऊन टाकतो. आमच्याकडे पत्ता विचारला की माहीत नसतानाही हात करून दिशा दाखवणारी माणसं असतात, त्यातलाच.

त्याखाली खरा रोग होता. एका गट कार्यालयाची फाइल भरताना त्या जोडणीची भाषा अमेरिकन इंग्रजी राहून गेली होती, म्हणजे आधी महिना मग दिवस. रजिस्टरातली १५/०७ ही तारीख तिथे बसत नाही, पंधरावा महिना नसतो, त्यामुळे ती ओळ एरर देऊन बाहेर पडली आणि कुणीतरी हातानं दुरुस्त केली. पण ०७/०८ बसते. सात ऑगस्टचा आठ जुलै झाला. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्येच होते, त्यामुळे दोन्ही तारखा शहाण्यासारख्या दिसतात आणि बघणाऱ्याला शंका येत नाही. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत लागण केलेले जवळजवळ सगळे शेतकरी पुढे-मागे सरकले होते. तेरा तारखेपासून पुढचे वाचले, कारण त्यांच्यावर यंत्र ओरडलं होतं. ७ ऑगस्टवाल्याला महिनाभर आधी तोड आली असती, ऊस पक्व व्हायच्या आत. ८ जुलैवाला शेजारच्या बांधावरून ते बघत बसला असता. तारीख सलग आठ अंकांत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी दिली की भाषा कुठलीही असो, गोंधळ होत नाही. हे मला माहीत होतं. त्या फाइलच्या वेळी मी सुट्टीवर होते, हे कारण मी कुणाला सांगितलं नाही.

तारखा रजिस्टरावरूनच पडताळायच्या होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी पकडून मी त्या गट कार्यालयात गेले. इथे 'गट' म्हणजे कारखान्याचा विभाग, जमिनीचा गट वेगळा. एकाच टेबलात हे दोन्ही कॉलम आहेत आणि दोघांचंही नाव गट, हेही पाप माझंच.

तिथे नाना भेटले. नाना चिटबॉय आहेत. शिवारात फिरून ऊस नोंदी करणाऱ्याला आमच्याकडे चिटबॉय म्हणतात, मग तो साठीला का टेकलेला असेना. मी २१२/१अचा किस्सा सांगितला, जरा रंगवूनच.

"त्यात काय झालं," नाना म्हणाले. "वाटणी झाली असंल. थोरल्याचा अ, धाकट्याचा ब."

"पण नंबर म्हणतात ना नाना, गट *नंबर*."

"म्हणायला काय, म्हणतात की."

गट नंबर आले तेच मुळी तुकडे मोडून काढायला. तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा १९४७चा. बारीक बारीक सर्व्हे नंबर जोडून सलग गट करायचे आणि त्याला एक नंबर द्यायचा ही कल्पना. त्या कल्पनेत गट नंबर पूर्णांकच होता. मग बाप वारला, भाऊ वेगळे झाले आणि नंबरापुढे तिरकी रेघ आली, अ आला, ब आला. आमच्याही गटाला आला. काकांचा अ, आमचा ब. माझ्या वडिलांच्या सातबाऱ्यावरचा तो ब मी शाळेत असल्यापासून बघत आलेय, कागद पोचवायला तलाठ्याकडे मीच जायचे. आणि तरी अकरा वर्षांपूर्वी हे टेबल पहिल्यांदा केलं तेव्हा गट नंबरच्या पुढे मी डोळे झाकून इंट लिहिलं. 'नंबर' शब्द दिसला, बोटं चालली. दोन महिन्यांत बदलावं लागलं, ते सोडा. घरचा ब तेव्हा कुठे गेला होता, हे मला अजून कळत नाही.

नानांनी एक्केचाळीस ओळींचा कागद घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि वाचायला लागले. त्यांना एकही अडली नाही. "ही गुंठ्यात दिलीय. ही दीड एकर, मास्तरांनी लिहिलंय, ते तसंच लिहायचे. ह्यो टिंबवाला नाव सांगून गेला, परत आलाच नाही, काढून टाका." मी लिहून घेत होते. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरांहून किंचित जास्त, आर म्हणजे शंभर. शिवारात दोन्ही एकच धरतात आणि मीही धरले. कागद संपवून नानांनी उलटून बघितला.

"आणि बरोबर हायत म्हणता त्या कुठं हायत?"

त्या कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण लॅपटॉप उघडाच होता, त्यांच्याकडे फिरवला. नानांचं बोट एका ओळीवर थांबलं. क्षेत्र ०.४.

"हे किती?"

"चाळीस आर. पॉइंट चार म्हणजे पॉइंट चाळीसच."

"कुणी सांगितलं? हा माझा हाय. ह्याचं रानच चार गुंठं हाय, विहिरीकडंचं. शून्य हेक्टर, चार आर. मीच लिवलंय."

नानांच्या लेखी ते टिंब दशांशाचं नव्हतंच. ते हेक्टरचं घर आणि आरचं घर यांच्यामधली भिंत होती. शून्य इकडे, चार तिकडे. आणि त्याच यादीत खाली आणखी एक ०.४ होता, तो खराच चाळीस आरांचा. रजिस्टरात ०.४० असाच लिहिलेला. एक्सेलनं शेवटचं शून्य अनावश्यक म्हणून खाऊन टाकलेलं. एकाचं चार गुंठे रान, दुसऱ्याचा जवळजवळ एकर, आणि डेटाबेसात दोघेही ०.४. डेटाटाइप बिनचूक, एकही एरर नाही, आणि कुठलीही क्वेरी लिहिली तरी कोण कुठला ते सांगता येणार नाही.

चार गुंठेवाल्याच्या नावावर एकराचा ऊस दिसला की बाहेरचा ऊस त्याच्या नावानं आत येऊ शकतो. उलट झालं तर अजून वाईट. चाळीस आरवाल्याचे चार आर झाले की चार आरांचा ऊस तुटल्यावर त्याची तोड बंद. "मग उभाच राहतो मार्चपर्यंत," नाना म्हणाले, "तुरा येऊन."

रिलेशनल डेटाबेसची मांडणी ज्यांनी १९७०मध्ये केली त्या एडगर कॉड यांनी कॉलमबद्दल बोलताना 'डोमेन' हा शब्द वापरला होता. कॉलममधली मूल्यं कुठल्या कुळातून येतात ते डोमेन. आमच्या हातात पुढे जे आलं ते डेटाटाइप, आणि तो फार ढोबळ गाळा आहे. सभासद क्रमांक पूर्णांक, वाहन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पूर्णांक. दोघांची जोडणी केली तर यंत्र आनंदानं जोडून देईल आणि ओळीही येतील. हेक्टर-आर आणि दशांश हेक्टर, दोन्ही न्यूमेरिक. ही दोन वेगळी कुळं आहेत हे मला नानांच्या टेबलाशी बसून कळलं.

बदल मग तिथेच बसून केला. क्षेत्राचा एक कॉलम मोडून दोन केले, हेक्टर वेगळा आणि आर वेगळा, दोन्ही पूर्णांक, आर नव्व्याण्णवच्या वर जाऊ द्यायचा नाही. चौरस मीटर उसाच्या नोंदीला लागत नाहीत असं शेती अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, बरं झालं. सातबाऱ्यातही हीच घरं आहेत. मीच त्यांना एका टिंबात गुंडाळलं होतं. एका दशांश स्थळाचे सगळे आकडे छापले, १.५, ०.४, २.८. त्या एका गट कार्यालयाचेच सत्तावीस निघाले. नानांनी सत्तावीसच्या सत्तावीस रजिस्टरातून काढून दिले. मध्ये एकदा बाहेर जाऊन कुणाला तरी मोटरसायकलच्या हॉर्नवर शिव्या देऊन आले.

शेवटी त्या चार 'वरीलप्रमाणे' उरल्या. कागदाच्या रजिस्टरात वरची ओळ वरच असते. टेबलात वर आणि खाली असं काही नसतं. क्रम मागितला नाही तर ओळी कशाही येतात, त्यामुळे वरीलप्रमाणे म्हणजे कुणाप्रमाणे हे डेटाबेसला विचारून उपयोग नव्हता. तीन सहज सापडल्या. चौथी सापडली ती पानाच्या पहिल्याच ओळीत.

"वर कुठं काय हाय इथं?" मी विचारलं. मीही आता त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते.

नानांनी मागचं पान उलटलं. तिथली शेवटची ओळ, वरीलप्रमाणे. तिच्या वरची, वरीलप्रमाणे. "चौघं भाऊ हायत ते," नाना म्हणाले, आणि बोटाला जिभेचं पाणी लावून आणखी एक पान मागे गेले.